आजोबांच्या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीतरचनेसाठी पारितोषिक ठेवायचे आहे : नियम कसे असावेत?

प्रश्न : दांडियाबाजारची नात

माझ्या आजोबांचे वडोदऱ्यात दांडियाबाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान होते. रोज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी ते दुरुस्त झालेल्या एखाद्या रेडिओची सुई दोन केंद्रांच्या मधल्या जागेत आणून ठेवत, चकती हळूहळू फिरवत आणि त्या खरखरीतून उठणारी शिट्टी पांढरी चारचा सा धरला तर कोणत्या सुरावर आहे, हे आम्हा नातवंडांना ओळखायला लावत. त्यांना शास्त्रोक्त गाणे फारसे येत नव्हते, परंतु यंत्रातून निघणारा कोणताही आवाज त्यांच्या लेखी नुसता गोंगाट नव्हता. आम्ही भावंडे आवाजाकडे कान देऊन ऐकायला शिकलो, ते त्यांच्यामुळेच.

आता ते दुकान विकले गेले आहे आणि आलेल्या रकमेतील काही भाग ठेव म्हणून ठेवावा, त्याच्या व्याजातून दरवर्षी साधारण एक लाख रुपयांचे पारितोषिक त्यांच्या नावाने द्यावे, असे घरात सर्वानुमते ठरले आहे. शास्त्रीय गायन-वादनासाठी आपल्या शहरात पूर्वीपासून बक्षिसे आहेत. संगणकावर, सिंथेसायझरवर (विद्युत्-मंडलांतून स्वर निर्माण करणाऱ्या वाद्यावर) किंवा मुद्रित केलेल्या आवाजांतून जे तरुण गंभीरपणे नवे संगीत रचतात, त्यांची दखल घेणारे मात्र मला आसपास काही आढळले नाही, म्हणून पारितोषिक त्यांच्यासाठी असावे अशी माझी इच्छा आहे.

येथवर सारे सोपे होते. नियम लिहायला बसले तेव्हा अडचणी सुरू झाल्या. ‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ म्हणजे नेमके काय, हेच मला दोन ओळींत लिहिता येईना, कारण नवरात्रातील गरब्याच्या मंचावरचा कीबोर्डही इलेक्ट्रॉनिकच असतो आणि लग्नाच्या वरातीतले संगीतही. माझ्या काकांचे म्हणणे आहे की रचना रागाधारित असावी ही अट घालावी, नाहीतर परीक्षक कशाच्या आधारावर निवड करणार? आत्याला वाटते की स्वरलिपी मागवावी, म्हणजे रचनाकाराचे ज्ञान कळेल. शिवाय एकच मोठे पारितोषिक द्यावे की तीन लहान, वयाची मर्यादा असावी की नसावी, आणि रचना आमच्याकडे आल्यावर तिच्यावर कोणाचा हक्क राहतो, हे प्रश्न आहेतच. ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे किंवा अशा स्पर्धांत भाग घेतला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त संगीतशिक्षक, रावपुरा

आपला संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. आपल्या आजोबांचा व्यवसाय आणि हे पारितोषिक यांचा संबंध केवळ भावनिक नाही, तो इतिहासातही आहे, कारण हे संगीत जन्मले तेच मुळी रेडिओच्या केंद्रांत. १९४८ साली पॅरिसमध्ये फ्रेंच नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफेर यांनी आगगाडीचे आणि इतर नेहमीचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून, त्यांचे तुकडे पुनःपुन्हा फिरवून रचना केल्या आणि त्या प्रसारित झाल्या. पुढे १९५०च्या दशकात कोलोनच्या नभोवाणी केंद्रात निव्वळ विद्युत्-उपकरणांनी निर्माण केलेल्या स्वरांवर काम सुरू झाले. १९५६ साली जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी तेथेच एका मुलाचा गाता आवाज आणि विद्युत्-स्वर एकाच रचनेत आणून हे दोन प्रवाह जोडले. लंडनमध्येही बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपच्या १९५८ मधील स्थापनेत डॅफ्नी ओरम या ध्वनितंत्रज्ञ स्त्रीचा मोठा वाटा होता, आणि आज ब्रिटनमध्ये त्यांच्याच नावाने २०१७ पासून संगीत व ध्वनितंत्राच्या क्षेत्रातील स्त्रियांसह आजवर डावलल्या गेलेल्या कलावंतांना पुरस्कार दिले जातात. दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या नावाचे पारितोषिक या परंपरेत अगदी शोभून दिसेल.

आता व्याख्येविषयी. वाद्य इलेक्ट्रॉनिक आहे का, हे विचारू नका. ती रचना विद्युत्-साधनांशिवाय अस्तित्वात येऊ शकली असती का, हे विचारा. कीबोर्डवर वाजवलेली गरब्याची चाल हार्मोनियमवरही वाजवता येते, तिचे संगीत साधनावर अवलंबून नाही. परंतु सुरसागराच्या काठावरील संध्याकाळचा आवाज मुद्रित करून, त्यातील एका सायकलच्या घंटीचा सूर ताणून जर कोणी बारा मिनिटांची रचना उभी केली, तर ती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने झाली नसती. ही एक कसोटी नियमात स्पष्टपणे लिहिली तर आपली अर्धी अडचण दूर होईल.

आपल्या काकांच्या सूचनेविषयी मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मी आयुष्यभर राग शिकवले आहेत आणि तरीही ही अट घालू नये असे माझे ठाम मत आहे. राग हा कलावंत त्या क्षणी करीत असलेल्या विस्तारात जिवंत असतो. रचना मुद्रित स्वरूपातच पाठवायची आणि राग दिसलाच पाहिजे अशी अट असली की स्पर्धक सतारीचे तयार तुकडे आणि तबल्याची ठराविक आवर्तने घेऊन त्यांच्याखाली एक जाड स्वर धरून ठेवतील, आणि परीक्षकांना रागाचे नाव ओळखण्यापलीकडे काम उरणार नाही. श्रुतींचा (स्वरांमधील बारीक अंतरांचा) सूक्ष्म विचार, आधारस्वरातून उमटणारे उपस्वर, मींडेचा, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा, अखंडपणा या आपल्या गोष्टी इलेक्ट्रॉनिक साधनांना कीबोर्डाच्या बारा समान पायऱ्यांपेक्षा कितीतरी जवळच्या आहेत. त्या येतील त्या स्पर्धकाच्या कानातून आल्या पाहिजेत. काकांचे समाधान व्हावे म्हणून परीक्षकांमध्ये हिंदुस्तानी संगीतात मुरलेली एक व्यक्ती अवश्य घ्यावी.

याचे एक उदाहरण आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर घडलेले आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग या बनावटीच्या सिंथेसायझरसह एक इलेक्ट्रॉनिक संगीत स्टुडिओ उभा राहिला. त्यामागे गीता साराभाई यांची दृष्टी होती. त्यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला प्रयोगशील अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे धडे घेतले होते. अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्या स्टुडिओत रचना केल्या. त्यांतील कोणी हिंदुस्तानी परंपरेत वाढलेले होते, तरी त्यांनी यंत्राकडून रागाची नक्कल करून घेण्याचा सोपा मार्ग धरला नाही. दुःखाची गोष्ट ही की १९७०च्या दशकाच्या आरंभीच ते काम थांबले आणि त्या टेप संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश संगीतकाराच्या शोधामुळे त्या पुन्हा कानी पडल्या आणि त्यांतील निवडक रचना २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. पन्नास वर्षे! त्या काळी एखादे लहानसे पारितोषिक असते, वर्षातून एक जाहीर श्रवणसभा भरत असती, तर गुजरातमधील निदान दोन पिढ्यांना ठाऊक असते की आपल्याकडेही हे घडले आहे. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की निवडलेल्या प्रत्येक रचनेची उत्तम प्रत आणि रचनाकाराचे टिपण जपून ठेवण्याची तरतूद पहिल्या वर्षापासूनच करावी.

स्वरलिपीची सक्ती नको. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली संगीतशाळा सुरू केली आणि संगीत कागदावर उतरवण्याची स्वतःची पद्धत घडवली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही येथेच. लिपीचे महत्त्व वडोदऱ्याला कोणी सांगावे असे नाही. परंतु जे लेखन गायकाला किंवा वादकाला पुढे वाचायचे आहे, त्याचाच उपयोग असतो, आणि येथे मधला वादकच नाही. रचनेमागील विचार मराठी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत एका पानात मागवावा, तेवढे पुरे.

उत्तर २ : वाघोडिया रोड, रचनाकार

मी स्वतः अशा रचना करतो आणि परदेशी स्पर्धांना काही वेळा पाठवल्या आहेत, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. वरील सरांच्या व्याख्येशी मी पूर्ण सहमत आहे.

ताई, रोख रकमेपेक्षाही रचनाकाराला हवे असते ते आपले काम योग्य जागी, योग्य ध्वनिक्षेपकांवर ऐकले जाणे. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील झेडकेएम ही संस्था आणि फ्रायबुर्गचा एक प्रायोगिक स्टुडिओ मिळून २००७ पासून गिगा-हर्ट्झ पारितोषिक देऊ लागले. पहिल्या वर्षीचे मोठे पारितोषिक ब्रिटिश संगीतकार जोनाथन हार्वी यांना मिळाले, आणि त्याच्या जोडीला नव्या कामासाठी जी निर्मिती-पारितोषिके ठेवली गेली त्यांत स्टुडिओत राहून काम करण्याची संधीही अंतर्भूत होती. (हे नाव हाइनरिश हर्ट्झ यांच्यावरून आले आहे. त्यांनी विद्युत्-चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या त्या कार्ल्सरूहेमध्येच. आपल्या आजोबांच्या रेडिओच्या चकतीवरील किलोहर्ट्झही त्यांचेच.) लाखभर रुपयांत स्टुडिओ उभा राहणार नाही, पण एक संध्याकाळ नक्की उभी राहील. बेल्जियममधील मेटामॉर्फोझ ही स्पर्धा दर दोन वर्षांनी होते. आपणही तसे करावे, म्हणजे दोन लाख रुपये हाती येतील, त्यांतील निम्मे पारितोषिकाला आणि निम्मे श्रवणसभेला ठेवता येतील.

फ्रान्समधील बूर्ज येथील स्पर्धेची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७३ पासून कित्येक दशके ती या क्षेत्रातील सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक होती. नवोदितांसाठी वेगळे विभाग आणि दीर्घ अनुभव असलेल्यांसाठी वेगळा विभाग अशी तिची रचना होती. पण ती चालवणारी संस्था सरकारी साहाय्य आटल्यावर २०११ मध्ये बंद पडली. हजारो रचनांचा तिचा संग्रह फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे गेला म्हणून वाचला. व्याजावर चालणारे लहान पारितोषिक या बाबतीत अधिक सुरक्षित आहे. विभाग मात्र सुरुवातीला करू नका. एकच पारितोषिक ठेवा आणि वयाऐवजी ‘यापूर्वी या प्रकारातील मोठे पारितोषिक न मिळालेले’ अशी मर्यादा घाला, कारण आपल्याकडे अनेकांना हे संगीत तिशी-चाळिशीतच भेटते.

परीक्षणाबद्दल मला सर्वाधिक सांगायचे आहे. रचना निनावी ऐकल्या गेल्या पाहिजेत. फाइलच्या नावात, टिपणात, फाइलच्या आतील माहितीतही नाव नको. दुसरे, पहिल्या फेरीत सर्व रचनांचा आवाज सारख्याच पातळीवर आणून त्या ऐकवाव्यात. दोन आवाजांतील फरक अगदी थोडा असला तरी जो किंचित मोठा तो कानाला अधिक चांगला वाटतो, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि स्पर्धक याच कारणाने रचना दाबून-दाबून मोठी करून पाठवतात. युरोपातील प्रसारण केंद्रे उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) ही सरासरी पातळी वापरतात. ती किंवा दुसरी कोणतीही एक पातळी नियमातच जाहीर करावी, म्हणजे ज्याच्या रचनेत शांतता आहे त्याच्यावर अन्याय होणार नाही. तिसरे, परीक्षकांनी पहिली दोन मिनिटे ऐकून पुढे जाऊ नये. हे संगीत अनेकदा सहाव्या मिनिटाला उलगडते. रचना फार आल्या आणि त्यांसाठी दोन दिवस अधिक लागले तरी चालतील.

स्वरूपाविषयी एवढेच की दोन वाहिन्या किंवा आठ वाहिन्या (प्रत्येक स्पीकरसाठी एक स्वतंत्र ध्वनिपट्टी), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न आकसता साठवणारी. एमपी-३ स्वीकारू नये. दहा मिनिटांची आठ वाहिन्यांची रचना सुमारे ६९० एमबी होते, दोन वाहिन्यांची साधारण १७३ एमबी, तेव्हा पाठवण्याची सोय त्या हिशेबाने करावी. कोणते सॉफ्टवेअर वापरले यावर बंधन नको. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत आणि जगभरचे रचनाकार त्यांवर काम करतात, हे माहितीपत्रकात लिहिलेत तर पैसे नसलेला एखादा विद्यार्थी तेथूनच सुरुवात करील. त्याच कारणाने प्रवेशशुल्क अजिबात ठेवू नका. अनेक स्पर्धा ते ठेवतात आणि आपल्याकडचा मुलगा रुपयांत हिशेब करून तेथेच थांबतो. मीही थांबलो आहे.

वाक्य लिहून देताच आख्खे गाणे तयार करणाऱ्या सेवा आता आल्या आहेत, त्यांचाही विचार करावा लागेल. बंदी लिहिणे सोपे आहे, ती पाळली गेली हे तपासणे कठीण. त्यापेक्षा अंतिम फेरीतील रचनाकारांकडून मूळ ध्वनिमुद्रणे आणि कामाची प्रकल्प-फाइल (सॉफ्टवेअरमधील मूळ मांडणी) मागवावी. ज्याने रचना केली आहे त्याच्याजवळ तिचे कच्चे तुकडे असतातच.

उत्तर ३ : वकिली व्यवसाय, अलकापुरी

संगीतातील मला फारसे कळत नाही, तेव्हा फक्त हक्कांपुरते लिहिते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सांगीतिक कृतीची मूळ व्याख्या छापलेल्या, लिहिलेल्या किंवा आकृतिरूपाने उतरवलेल्या संगीतावर आधारलेली होती. १९९४च्या दुरुस्तीने ती बदलली आणि संगीत निर्माण करणारी व्यक्ती, तिने ते लिपीत नोंदवलेले असो वा नसो, संगीतकार ठरते. आपल्या आत्याबाईंना हे अवश्य दाखवावे. स्वरलिपी न देणारा रचनाकार कायद्याच्या दृष्टीने कोठेही कमी नाही.

रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण या कायद्याने दोन वेगळ्या वस्तू आहेत. घरी एकट्याने काम करणाऱ्याच्या बाबतीत दोन्हींचा मालक बहुधा तोच असतो, तरी प्रवेशपत्रात तसे प्रतिज्ञापूर्वक लिहून घ्यावे. चित्रपटगीतांचे किंवा इतरांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वापरले असतील तर परवानगीची जबाबदारी स्पर्धकाची, हेही स्पष्ट असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘आलेल्या सर्व रचनांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ हे वाक्य अनेक स्पर्धांच्या नियमांत न विचारता उतरवलेले असते, ते आपण लिहू नये. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे व प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते, असे कायदा मानतो. आपल्याला हस्तांतरणाची गरजच नाही. श्रवणसभेत रचना वाजवण्याची आणि जतनासाठी एक प्रत ठेवण्याची लेखी परवानगी पुरेशी आहे. ती प्रत संशोधकांना जागेवर ऐकू द्यायची असेल, तर तेवढे एक वाक्य वाढवावे.

उत्तर ४ : साउंडचा व्यवसाय, मांडवी

आठ वाहिन्यांची सभा करायची असेल तर तारखेचा विचार आधी करावा. नवरात्रात शहरातील सगळी साधने मैदानांवर असतात आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. कोजागिरीनंतरचा आठवडा किंवा उत्तरायणापूर्वीचे दिवस निवडले, तर साधने वाजवी भाड्यात मिळू शकतील. मात्र गरब्याचे स्पीकर मागू नयेत. ते लांबवर आणि जोरात आवाज पोहोचवण्यासाठी बनवलेले असतात, बारीक आवाज त्यांतून नीट येत नाही. आठही स्पीकर एकाच मॉडेलचे हवेत, नाहीतर आवाज एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना त्याचा रंग बदलतो. सभागृहही अकोट्याच्या सर सयाजी नगरगृहाएवढे मोठे घेऊ नये. ऐंशी-शंभर माणसांची, पडदे असलेली, पंख्यांचा आवाज बंद करता येईल अशी खोली हवी आणि श्रोते मध्यभागी बसावेत. आदल्या दिवशी पूर्ण दिवस मांडणी आणि तपासणीसाठी ठेवा, त्यात काटछाट करू नका.

पुन्हा : दांडियाबाजारची नात

सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार. उत्तरे छापून घेतली आणि काल घरी सर्वांना वाचून दाखवली. एनआयडीच्या टेपची हकिगत ऐकल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी स्वतःच सांगितले की रागाची अट काढावी, पण परीक्षकांत एक गवई हवाच. आत्याने स्वरलिपीचा आग्रह सोडला, मात्र एका पानाचे टिपण रचनाकाराने शक्य असल्यास आपल्या मातृभाषेत लिहावे असे तिने सुचवले, आणि ते मला फार आवडले.

सध्या असे ठरले आहे की पारितोषिक दर दोन वर्षांनी, एकच, एक लाख रुपयांचे असेल. प्रवेशशुल्क नसेल. हक्क रचनाकाराकडेच राहतील. अंतिम फेरीतील पाच रचना आठ स्पीकरांच्या सभेत ऐकवल्या जातील आणि निर्णय त्या सभेनंतर, परीक्षकांनी तेथेच ऐकून दिलेला असेल. कसोटीचे वाक्य सरांनी सुचवले तसेच राहील. वयाऐवजी पूर्वीच्या पारितोषिकाची मर्यादा ठेवायची सूचनाही मान्य झाली.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. परगावच्या अंतिम स्पर्धकांचा प्रवासखर्च या रकमेत बसत नाही, आणि तो न दिल्यास पुण्या-मुंबईपलीकडचे कोणी येणार नाही अशी मला भीती वाटते. पाचांऐवजी तीनच रचना अंतिम फेरीत घेतल्या तर तो बसतो. तीन की पाच, याविषयी वाघोडिया रोडच्या रचनाकारांनी पाठवणाऱ्याच्या बाजूने मत द्यावे. दुसरे, जतनाच्या प्रती घरातील एका हार्डडिस्कवर ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. शहरातील एखाद्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने अशा ध्वनिमुद्रित रचना स्वीकारून सांभाळल्याचा कोणाचा प्रत्यक्ष अनुभव असल्यास कळवावे, मी स्वतः जाऊन भेटेन.